पत्र लिहिण्यास कारण की...

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

लांबच्या प्रवासाला निघताना माणूस सगळ्यात शेवटी काय करतो? सामान बांधून झालेलं असतं, शिधा भरलेला असतो, मुलांना अंघोळी घालून झालेल्या असतात. मग कुणाला तरी आठवण होते, 'अगंबाई, ताईला कळवायचं राहिलंच की!' आणि त्या गडबडीत, मिळेल तिथे टेकून, दोन ओळी खुशालीच्या लिहिल्या जातात.

असंच एक पत्र ११ मे १८४६ रोजी अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात, इंडिपेंडन्स नावाच्या गावी लिहिलं गेलं. लिहिणारी बाई चव्वेचाळीस वर्षांची. नाव टॅमसेन डॉनर. पत्र तिच्या सख्ख्या बहिणीला, दूर पूर्व किनाऱ्यावरच्या न्यूबरीपोर्ट या माहेरगावी. दुसऱ्या दिवशी सकाळी टॅमसेन, तिचा नवरा आणि पाच मुली बैलांच्या गाड्यांमधून कॅलिफोर्नियाच्या वाटेला लागणार होत्या. वाट सुमारे दोन हजार मैलांची, म्हणजे बत्तीसशे किलोमीटरची. रस्ता म्हणावा असा रस्ता नाही. आधी गेलेल्या गाड्यांच्या चाकोऱ्या, तोच रस्ता.

त्या पत्रात काय असावं? मोठमोठे विचार नाहीत. एक मुलगी शेजारी बसून शिवण्याचा प्रयत्न करते आहे, दुसरी जुनी रबरी टोपी घालून नटते आहे, तिसरी कागदावर ठोकते आहे आणि प्रश्नांवर प्रश्न विचारते आहे, असं ती बहिणीला सांगते. भाऊ विल्यमची हकीकत कळवते. त्याच्या घरचे सगळे ठीक आहेत, त्याच्या मागच्या दोन पत्रांना तुझं उत्तर आलेलं नाही, इलिनॉयची हवा रोगट म्हणून तोही आता विस्कॉन्सिनला जायच्या बेतात आहे, नवं घर मिळालं की लिहील. आपल्या तीन गाड्या आहेत, प्रत्येक गाडीला बैलांच्या तीन जोड्या आहेत, बरोबर गायी आहेत, दूध निघतं, लोणी होतं, पण हवं तितकं होत नाही. प्रवास चार महिन्यांचा. आपली जायला तयारी आहे आणि यात मुलांचं आणि आपलं भलंच होईल, अशी तिला खात्री वाटते.

बस्स, एवढंच. आपल्याकडच्या कुठल्याही बाईनं आपल्या बहिणीला लिहावं, तसंच हे पत्र. पण आज त्याकडे पाहताना मला वाटतं, अमेरिकेचा पश्चिमेकडचा विस्तार आपण बंदुका, घोडेस्वार आणि सोनं यांच्या गोष्टींतून ओळखतो. प्रत्यक्षात मात्र ती चळवळ बरीचशी कागदावर चालली. कुणी पुढे जाऊन पत्र लिहिलं, ते गावातल्या वर्तमानपत्रात छापून आलं, शेजाऱ्यानं वाचलं, त्यानं गाडी घेतली. घरची बातमी कोण पाठवतो आणि किती खरी पाठवतो, यावर सबंध कुटुंबाचं नशीब ठरत होतं. डॉनर आणि त्यांचे शेजारी रीड या दोन कुटुंबांची हकीकत म्हणूनच सांगण्यासारखी आहे.

हे लोक राहणारे इलिनॉय राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावचे. हे गाव पुढे अब्राहम लिंकन यांच्यामुळे सगळ्या जगाला माहीत झालं. जेम्स रीड आणि लिंकन हे तर १८३२ सालच्या ब्लॅक हॉक युद्धात एकाच तुकडीत होते. जॉर्ज डॉनर साठीच्या आसपासचे, खाऊनपिऊन सुखी शेतकरी. गरिबीनं गांजून निघालेले हे लोक नव्हेत, हे लक्षात ठेवलं पाहिजे. तरी निघाले. का? एक तर त्यांच्या पायाला भिंगरीच होती. जॉर्ज डॉनर मूळचे नॉर्थ कॅरोलिनाचे. तिथून केंटकी, मग इंडियाना, मग इलिनॉय, मधे काही दिवस टेक्ससलाही जाऊन आलेले. जमीन जरा जुनी झाली, वस्ती वाढली की पश्चिमेला सरकायचं, ही त्या पिढीची रीतच होती. दुसरं कारण हिवतापाचं. मिसिसिपीच्या खोऱ्यात हिवताप घरोघरी असे. तिसरं, १८३७ साली आलेल्या मंदीनं शेतमालाचे भाव पाडले होते आणि अनेकांचा धीर खचला होता. आणि चौथं, कॅलिफोर्नियाची ख्याती. तिथे म्हणे हिवाळाच नाही, आजार नाही, आणि जमीन मागाल तेवढी.

२६ मार्च १८४६ रोजी स्प्रिंगफील्डच्या 'सँगमो जर्नल' या पत्रात एक जाहिरात आली. पैशाचा खर्च न करता कॅलिफोर्नियाला कुणाला यायचं आहे, असं तीत विचारलं होतं. बैल हाकता येणारे आठ तरुण हवे होते. तिकडे पोहोचलात की हवी तेवढी जमीन फुकट, असं आमिषही होतं. जाहिरातीखाली नाव जॉर्ज डॉनर यांचं. गंमत बघा, कॅलिफोर्निया तेव्हा अमेरिकेचा नव्हताच. तो मेक्सिकोचा प्रांत होता. या मंडळींनी इंडिपेंडन्स सोडलं आणि दुसऱ्याच दिवशी, १३ मेला, अमेरिकेनं मेक्सिकोविरुद्ध युद्ध पुकारलं. परक्या मुलखातली जमीन वाटण्याची जाहिरात आधी आणि युद्ध नंतर, असा हा क्रम.

आता तयारीचं बघू. त्या काळी वाटाड्या पुस्तकं मिळत. त्यातलं एक लॅन्सफर्ड हेस्टिंग्ज या तरुण वकिलाचं, १८४५ साली छापलेलं. माणशी किती शिधा घ्यावा याची यादी त्यात आहे. पीठ दोनशे पौंड, खारवलेलं डुकराचं मांस दीडशे पौंड, कॉफी दहा पौंड, साखर वीस पौंड, मीठ दहा पौंड. म्हणजे एका माणसामागे नव्वद किलो पीठ आणि सत्तरएक किलो मांस. घरात सात माणसं असली तर हिशेब तुम्हीच करा. गाडीचा साटा साधारण दहा फूट लांब आणि चार फूट रुंद. त्यात शिधा, अंथरुणं, हत्यारं, औषधं, मुलंबाळं. वरती कमानी बांधून त्यावर तेल दिलेलं जाड कापड. घोड्यांपेक्षा बैल बरे, असं बहुतेकांचं मत, कारण बैल स्वस्त पडतो, रानातल्या गवतावर भागवतो आणि चिवट असतो. बैलाचा हा गुण आपल्या शेतकऱ्याला वेगळा सांगायला नको.

तयारीचं खरं ओझं बायकांवर पडे. महिनोन् महिने शिवणकाम चाले. तंबू, पिशव्या, मुलांचे कपडे, सगळं हातानं. टॅमसेन मुळात शाळामास्तरीण. तिनं पुस्तकं घेतली, पाट्या, रंग, शाळेचं साहित्य घेतलं. कॅलिफोर्नियात मुलींची शाळा काढायचं तिच्या मनात होतं. रीड यांच्या घरची गाडी तर माडीची होती. आत चूल, बसायला स्प्रिंगची आसनं, बाजूनं चढायला दार, असं त्यांच्या मुलीनं, व्हर्जिनियानं, पुढे आठवून लिहिलं आहे.

एवढा थाट कशासाठी? आजीसाठी. मार्गरेट रीड यांच्या आई, सेरा कीज, सत्तरीच्या होत्या, क्षयानं अंथरुणाला खिळलेल्या होत्या. सगळे म्हणत होते, तुम्ही येऊ नका. पण म्हातारी ऐकेना. एक तर लेकीला सोडवत नव्हतं. दुसरं म्हणजे त्यांचा एक मुलगा आधीच ओरेगॉनकडे गेला होता, तो परतीच्या वाटेवर कुठे तरी भेटेल, अशी आशा त्यांना होती. म्हणून त्यांचा बिछाना गाडीत ठेवला गेला.

वेळेचं गणितही सांभाळायचं असे. एप्रिलच्या आधी निघालं तर माळावर गवत उगवलेलं नसतं, बैल उपाशी मरतात. उशीर झाला तर सिएरा नेवाडाच्या डोंगरात बर्फ गाठतं. दिवसाला पंधरा मैल धरले तर दोन हजार मैलांना सव्वाचार-साडेचार महिने लागतात. मे महिन्यात निघालं की सप्टेंबरअखेर पोहोचायचं. हाताशी जास्तीचे दिवस फार थोडे. टॅमसेननं बहिणीला चार महिने लिहिलं ते याच हिशेबानं.

या पत्रव्यवहाराला खर्चही होता. १८४५ च्या जुलैपर्यंत चारशे मैलांपलीकडे पत्राच्या एका कागदाला पंचवीस सेंट पडत. त्या वर्षी दर उतरले. तीनशे मैलांच्या आत पाच सेंट, त्यापलीकडे दहा. सरकारी तिकिटं तेव्हा नव्हतीच, ती १८४७ साली आली. बहुतेक वेळा पैसे पत्र घेणारा भरत असे. म्हणजे बातमी ऐकायची तर दाम मोजून ऐकायची! म्हणून कागदाचा कोपरानकोपरा भरला जाई. उभं लिहून झालं की त्यावरच आडवं लिहीत. आणि असं पत्र एकट्यानं वाचायचं नसे. ते घरात मोठ्यानं वाचलं जाई, शेजारी जाई, आणि त्यात रस्त्याची बातमी असली तर गावच्या छापखान्यातही जाई.

पण घरच्या पत्रातली बातमी तरी खरीच असते का? टॅमसेननं बहिणीला कळवलं होतं की या हंगामात इथून सात हजार गाड्या निघतील असं म्हणतात. आज इतिहासकारांनी जुळवलेला आकडा असा आहे की त्या वर्षी ओरेगॉन आणि कॅलिफोर्निया मिळून सुमारे सत्तावीसशे माणसं गेली. गाड्या नव्हेत, माणसं! टॅमसेन खोटं लिहीत नव्हती. बाजारात जे कानावर आलं ते तिनं लिहिलं. अफवा प्रामाणिक माणसाच्या हातून गेली की तिला वजन येतं ते असं.

२९ मे रोजी, प्रवासाला पुरते तीन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, आजी गेल्या. हल्लीच्या कॅन्सस राज्यात, बिग ब्लू नदीजवळच्या एका झऱ्यापाशी. झाड तोडून पेटी केली, दगडावर नाव आणि तारीख कोरली, आणि गाड्या पुढे निघाल्या. लेकाची भेट राहिली ती राहिलीच. ही बातमी घरी कळवली ती व्हर्जिनियानं. वय वर्षं तेरा. १२ जुलैला मावळतीच्या मुलखातून तिनं आपल्या मामेबहिणीला पत्र लिहिलं. शुद्धलेखनाच्या नावानं आनंद, पण आजीला कसं पुरलं, दगडावर काय कोरलं, हे सगळं तपशिलानं. आजी नीट मार्गी लागली, हे घरच्यांना कळायला हवं, एवढंच त्या पोरीला वाटत होतं.

टॅमसेनचं दुसरं पत्र १६ जूनचं, प्लॅट नदीच्या काठून लिहिलेलं. ते पूर्वेकडे निघालेल्या कुणाच्या तरी हाती गेलं आणि २३ जुलैच्या 'सँगमो जर्नल'मध्ये छापून आलं. या पत्रात ती आनंदात आहे. माळावर लाकूड मिळत नाही, पण रानगव्यांचं वाळलेलं शेण उत्तम पेटतं, धग धरून ठेवतं आणि त्यावर भाजलेलं मांस लाकडाच्या निखाऱ्यावरच्या इतकंच चवदार लागतं, असं ती लिहिते. गोवऱ्यांवर भाकरी भाजणाऱ्या आपल्या आयाबायांना हे वाचून हसू येईल. वाटेतले इंडियन लोक सभ्यपणानं वागतात, असंही तिचं म्हणणं. आणि शेवटी म्हणते, पुढे याहून वाईट काही वाढून ठेवलेलं नसेल, तर खरा त्रास निघण्याचाच होता, असं मी म्हणेन.

पुढे याहून वाईट काय होतं, ते आता सांगतो.

ज्या हेस्टिंग्जच्या पुस्तकातून शिध्याची यादी घ्यायची, त्याच पुस्तकात एक वाक्य होतं. नेहमीची वाट सोडून ग्रेट सॉल्ट लेककडून गेलं तर अंतर वाचतं. हे वाक्य छापलं तेव्हा हेस्टिंग्ज स्वतः त्या वाटेनं गेलेला नव्हता. १८४६ च्या वसंतात तो पहिल्यांदा गेला, तोही घोड्यावरून. गाडी नाही, बैल नाहीत, मुलं नाहीत. कॅलिफोर्नियात अमेरिकन वस्ती वाढावी यात त्याला रस होता. जितके लोक तिकडे वळतील तितकं त्याला हवं होतं. त्या उन्हाळ्यात त्यानं एका पूर्वेकडे निघालेल्या घोडेस्वाराबरोबर उघडं पत्र धाडलं. फोर्ट ब्रिजरला या, मी तुम्हाला नव्या वाटेनं घेऊन जाईन, असा त्याचा आशय. हे पत्र वाटेवरच्या गाड्यांना वाचून दाखवलं गेलं.

उलट बाजूचीही बातमी होती. जेम्स क्लायमन नावाचा मुरलेला डोंगरी माणूस, जो हेस्टिंग्जबरोबर तीच वाट घोड्यावरून तुडवून आला होता, तो २७ जूनला फोर्ट लॅरेमीला रीड यांना भेटला. तोही त्या १८३२ च्या तुकडीतला जुना सोबती. त्यानं बजावून सांगितलं, जुनी वाट सोडू नका, नव्या वाटेनं गाड्या जाणं कठीण आहे. रीड यांना जवळची वाट असताना लांबून जाणं पटेना. २० जुलैला लिटल सँडी ओढ्याकाठी गाड्यांची ताटातूट झाली. बहुतेक जुन्या वाटेनं गेले. डॉनर, रीड आणि आणखी काही कुटुंबं डावीकडे वळली. त्या दिवशी टॅमसेन फार खिन्न होती, असं त्यांचे सहप्रवासी थॉर्नटन यांनी नोंदवून ठेवलं आहे. ज्याची आपल्याला काही माहिती नाही, जो बहुधा कुणी स्वार्थी साहसी माणूस असावा, त्याच्या शब्दावर आपण विसंबतो आहोत, असं तिला वाटत होतं. अख्ख्या तांड्यात नेमकं दुखणं कुणी ओळखलं असेल तर या शाळामास्तरणीनं. पण निर्णय पुरुषांचा होता.

आणखी एक पत्र होतं. ते पोहोचलं असतं तर कदाचित सगळंच बदललं असतं. एडविन ब्रायंट नावाचे पत्रकार खेचरांवरून पुढे गेले होते. फोर्ट ब्रिजरला आल्यावर त्यांना ती वाट गाड्यांच्या उपयोगाची वाटेना. मागून येणाऱ्या मित्रांसाठी त्यांनी पत्रं लिहून ठेवली, की कुटुंबकबिला घेऊन या वाटेनं येऊ नका. दहाएक दिवसांनी रीड तिथे पोहोचले. पत्र त्यांना मिळालं नाही. तिथल्या दुकानदारानं ते मुद्दाम दडवलं, असा आरोप रीड यांनी पुढे केला. नवी वाट चालू झाली तर त्या ठाण्याचं दुकान चालणार होतं, एवढं खरं.

आणि ३१ जुलैला त्याच ठाण्यावरून रीड यांनी घरी काय लिहिलं? पुढची वाट चांगली सपाट आहे, गवतपाणी भरपूर आहे, सात आठवड्यांत पोहोचू. ठाण्यावरच्या माणसांच्या भलेपणाचं कौतुकही त्यात आहे. रीड खोटारडे नव्हते. ऐकीव गोष्टीवर त्यांनी विश्वास ठेवला, इतकंच.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. वॉसॅच डोंगरात झाडं तोडत, दगड फोडत वाट काढण्यात दोन आठवड्यांहून जास्त दिवस गेले. हेस्टिंग्ज पुढे निघून गेला होता. एके ठिकाणी झुडपाला अडकवलेली त्याची चिठ्ठी मिळाली, की ही घळ गाड्यांना अवघड आहे. मिठाच्या वाळवंटाच्या तोंडाशी एका चिठ्ठीचे फाटके तुकडे विखुरलेले दिसले. टॅमसेननं गुडघ्यावर बसून ते जुळवले, असं तिच्या धाकट्या मुलीनं, एलायझानं, पुढे पुस्तकात लिहिलं आहे. दोन दिवस, दोन रात्री नेट लावून चाला, मग पाणी लागेल, असा त्याचा अर्थ लागला. प्रत्यक्षात पाच-सहा दिवस गेले. बैल तहानेनं उधळले, गाड्या रेतीत सोडून द्याव्या लागल्या. रीड यांची ती माडीची गाडीही मागेच राहिली. जवळची म्हणून धरलेली वाट जुन्या वाटेपेक्षा लांबच निघाली.

ऑक्टोबरच्या अखेरीला ते सिएरा नेवाडाच्या पायथ्याशी पोहोचले आणि बर्फ सुरू झालं. खिंड बंद झाली. आज ज्याला डॉनर सरोवर म्हणतात त्याच्या काठी आणि मागे एका ओढ्यापाशी त्यांनी झोपड्या-तंबू ठोकले. बैल खाल्ले, मग कातडी उकळून खाल्ली, आणि शेवटी काहींवर मेलेल्यांचं मांस खायची पाळी आली. लुईस आणि साल्वादोर ही नावं दिलेले दोन मिवॉक इंडियन तरुण पलीकडून शिधा घेऊन मदतीला आले होते. त्यांना तर उपाशी माणसांनी गोळी घालून मारलं. सत्त्याऐंशी माणसांपैकी चाळीसच्या आसपास दगावली.

आता तारखा जुळवून बघा. रीड यांचं 'सात आठवड्यांत पोहोचू' हे पत्र 'सँगमो जर्नल'मध्ये कधी छापलं गेलं? ५ नोव्हेंबर १८४६ ला. स्प्रिंगफील्डमध्ये चुलीपाशी बसून लोक सपाट वाटेची हकीकत वाचत होते तेव्हा खिंड बर्फानं बंद झाली होती आणि मार्गरेट रीड चार मुलांना पोटाशी धरून परक्याच्या खोपटात बसल्या होत्या. घरच्या बातमीचा हा एक दोष कायमचा. पत्र वाचून होईतो पत्र लिहिणाऱ्याचं जग बदललेलं असतं.

पहिली मदत फेब्रुवारी १८४७ मध्ये पोहोचली. जॉर्ज डॉनर यांच्या हाताची जखम चिघळली होती, त्यांना उठवत नव्हतं. टॅमसेनच्या अंगात चालण्याइतकी ताकद होती, सुटकेची संधीही आली होती. तिनं तिन्ही लहानग्या मुलींना पुढे पाठवलं आणि स्वतः नवऱ्यापाशी राहिली. ती परत आली नाही. पाचही मुली मात्र वाचल्या. रीड यांच्या घरातलं तर कुणीही गेलं नाही.

आता शेवटचं पत्र. १६ मे १८४७. व्हर्जिनिया रीडनं कॅलिफोर्नियातून पुन्हा त्याच मामेबहिणीला लिहिलं. शुद्धलेखन तसंच. पण या पत्रात ऐकीव असं काही नाही. कुठे पाणी संपलं, कुणाचा कुत्रा खाऊन किती दिवस काढले, आई कशी चालली, सगळं आहे. आम्ही भोगलं त्याच्या निम्मंही मी लिहिलेलं नाही, असं ती म्हणते. तरी कुणी खचून जाऊ नये, अशी तिची इच्छा आहे. शेवटी दोन गोष्टींची ताकीद देते. आडवाट धरू नका, आणि होईल तितक्या लवकर चालत राहा. त्या साली डिसेंबरात हे पत्र, भाषा जरा सुधारून, गावच्या वर्तमानपत्रात आलं.

हेस्टिंग्जचं पुस्तक वकिलाच्या भाषेत होतं, नीट छापलेलं होतं, यादी आणि आकडे त्यात होते. तरी वाटेचा खरा सल्ला मिळाला तो तेरा वर्षांच्या, शुद्ध लिहिता न येणाऱ्या मुलीकडून. कारण साधं आहे. ती वाट तिनं पायांनी चालली होती आणि तुम्ही आलात काय, न आलात काय, तिला त्यात काही मिळायचं नव्हतं. बातमी देणारा कुठवर जाऊन आला आहे आणि आपण त्याचं ऐकलं तर फायदा कुणाचा, हे दोन प्रश्न लिटल सँडीच्या काठी टॅमसेनच्या मनात आले होते. तांड्यानं ते विचारात घेतले नाहीत.

एक गोष्ट मात्र या सगळ्या पत्रांत सापडत नाही, आणि ती सांगितल्याशिवाय थांबणं बरं नाही. फुकट जमीन, फुकट जमीन म्हणून जी पत्रं आणि जाहिराती फिरत होत्या, ती जमीन रिकामी नव्हती. इतिहासकारांच्या अंदाजानं १८४० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात सुमारे दीड लाख मूळ रहिवासी होते. १८७० च्या सुमारास ते तीस हजारांच्या आसपास उरले. रोगराई, उपासमार आणि कत्तली यांनी ही घट झाली. या लोकांच्या घरची बातमी कुणाच्या टपालात गेली नाही. लुईस आणि साल्वादोर यांच्या आईबापांना ते कसे गेले हे कुणी कळवलं, हा प्रश्न मला राहून राहून पडतो.

पुढे सगळं झपाट्यानं बदललं. १८४८ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि पुढच्या वर्षी हजारोंचे लोंढे निघाले. १८६१ च्या ऑक्टोबरात तारायंत्राची तार एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत जोडली गेली. १० मे १८६९ ला आगगाडी जोडली गेली. चार महिन्यांचा प्रवास आठवड्यावर आला. बैलगाड्यांच्या चाकोऱ्यांत गवत उगवलं.

टॅमसेनची शाळा निघाली नाही. ती प्रवासात रोजनिशी लिहीत असे म्हणतात, तीही कधी सापडली नाही. उरली ती बहिणीला लिहिलेली पत्रं. मुलगी कागदावर ठोकते आहे, विल्यमला उत्तर पाठव, लोणी हवं तितकं होत नाही. कागदावर ठोकणारी ती मुलगी म्हणजे एलायझा, तेव्हा तीन वर्षांची. तिनंच मोठेपणी आईची पत्रं मिळवून, वाचलेल्यांना विचारून, १९११ साली या प्रवासावर पुस्तक लिहिलं. आई कशी होती हे तिला स्वतःला फारसं आठवत नव्हतं. ते तिला कळलं, ते बरंचसं त्या पत्रांतून.